न गंजलेला खिळा आणि शाळेचं इंग्रजी

डिग्रीसाठी ब्रिटनला निघालेल्या मुलाला आपल्याला इंग्रजी येतं हे कुठल्या ना कुठल्या मार्गाने सिद्ध करावंच लागतं. आयईएल्टीएसचे क्लास गल्लोगल्ली निघाले ते त्यापायीच. पण तेच मूल तेरा-चौदा वर्षांचं असेल आणि तिथल्या शाळेत शिकायला निघालं असेल, तर व्हिसासाठी इंग्रजीची एकही परीक्षा द्यावी लागत नाही. २०२० साली सुरू झालेला ‘चाइल्ड स्टुडंट’ व्हिसा ४ ते १७ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यात शाळेचं प्रायोजकत्व बघतात, पैशांची तजवीज बघतात, आईवडिलांची लेखी संमती आणि राहण्याची सोय बघतात. भाषेचं काय ते शाळेने पाहून घ्यावं, असा सरकारचा पवित्रा. हा व्हिसा फी घेणाऱ्या खासगी शाळांपुरताच आहे, हेही इथेच सांगितलेलं बरं. निवासी शाळेची फी सरासरीने वर्षाला ४० हजार पौंडांच्या पुढे जाते आणि जानेवारी २०२५ पासून तिच्यावर २० टक्के व्हॅट बसतो.

एवढा पैसा ओतायचा म्हटल्यावर आईबाप मुलाच्या इंग्रजीची काळजी करणारच. पण ती काळजी बहुधा भलत्याच ठिकाणी घुटमळत असते: उच्चार सुधारले पाहिजेत, फाडफाड बोलता आलं पाहिजे, टेन्स चुकता कामा नयेत. यातलं काही वाया जात नाही, हे कबूल. तरी ब्रिटिश माध्यमिक शाळेत परदेशी मूल खरं अडतं ते विज्ञानाच्या दोन मार्कांच्या उत्तरात आणि इतिहासाच्या परिच्छेदात. तिथे फाडफाड बोलणं फारसं कामाला येत नाही.

हा फरक नीट मांडला तो कॅनडात काम करणारे संशोधक जिम कमिन्स यांनी, १९७९ मध्ये. बाहेरदेशातून आलेली मुलं वर्ष-दोन वर्षांत मैदानावर आणि डबा खाताना सराईत इंग्रजी बोलू लागत. शिक्षक म्हणत, आली भाषा. मग तीच मुलं चाचणीत मागे पडली, की खोट मुलाच्या बुद्धीत आहे असा शेरा बसे. कमिन्स यांचं म्हणणं असं, की या दोन निरनिराळ्या क्षमता आहेत. समोरासमोर बोलताना वस्तू पुढ्यात असते, हातवारे असतात, ऐकणाऱ्याचा चेहरा असतो, त्यामुळे निम्मं काम भाषेबाहेरच उरकतं. पुस्तकातल्या आणि उत्तरपत्रिकेतल्या भाषेला असला टेकू मिळत नाही. त्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला त्यांच्या हिशेबाने पाच ते सात वर्षं लागतात. ऑक्सफर्डचे स्टीव्ह स्ट्रँड आणि सहकारी यांनी अलीकडे वेल्समधल्या शाळांच्या नोंदी चाळल्या, तेव्हाही अगदी नवख्या अवस्थेपासून सफाईदार इंग्रजीपर्यंतचा काळ सहा वर्षांच्या पुढेच गेला.

आता चौदाव्या वर्षी जाणाऱ्या मुलाचं गणित मांडा. इंग्लंडमधली माध्यमिक शाळा सातव्या वर्षापासून, म्हणजे ‘इयर सेव्हन’पासून सुरू होते; वयाचं सातवं वर्ष नव्हे. आपली इयत्ता अधिक एक, असा ढोबळ हिशेब धरला तर तिथलं नववं वर्ष म्हणजे आपली आठवी. दहावं आणि अकरावं वर्ष जीसीएसई या शालान्त परीक्षेचं, पुढची दोन ए लेव्हलची. (स्कॉटलंडचा कारभार अगदी वेगळा आहे, तो इथे बाजूला ठेवू.) म्हणजे नववीच्या वयात पोचलेलं मूल थेट जीसीएसईच्या पहिल्या वर्षात जाऊन बसतं आणि दोन वर्षांत आठ-नऊ विषयांची परीक्षा देतं. सहा वर्षं त्याच्याकडे नसतातच.

मग शाळा काय करतात? आधी चाचणी घेतात. बऱ्याच शाळा यूकेआयसेट नावाची संगणकावरची परीक्षा देऊन यायला सांगतात. तिच्यात शब्द, आकृती आणि गणित यांवरची तर्कशक्ती तपासतात, केंब्रिजची इंग्रजी चाचणी असते आणि वर अर्ध्या तासाचा निबंध. इंग्रजीचा निकाल येतो तो युरोपीय चौकटीच्या ए-वन ते सी-टू या पायऱ्यांत. बी-टूला पोचलेलं मूल वर्गात तग धरतं असा सर्वसाधारण समज. बी-वनवर असेल तर शाळा म्हणते, उन्हाळ्यात कोर्स करून या.

हे उन्हाळी कोर्स म्हणजे ब्रिटनचा एक जुना धंदा. जुलै-ऑगस्टमध्ये निवासी शाळा रिकाम्या असतात, तेव्हा तिथे जगभरची मुलं येऊन भरतात. या धंद्यातली केंब्रिजमधली एक नामांकित भाषाशाळा फ्रँक बेल यांनी १९५५ साली काढली. दुसऱ्या महायुद्धात ते जपान्यांचे युद्धकैदी होते. बोर्निओतल्या कुचिंगच्या छावणीत त्यांनी पहारेकऱ्यांचा डोळा चुकवून सोबत्यांसाठी वर्ग चालवले आणि त्या खटाटोपाला ‘कुचिंग विद्यापीठ’ असं नाव दिलं. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात हे खूळ त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं ते तिथे. आज या व्यवसायाची जाहिरात हिरवळ, घोडेस्वारी आणि लंडनच्या सहलींवर चालते, ते सोडून द्या.

कोर्सकडून अपेक्षा किती ठेवायची, ते मात्र आकड्यांवरून ठरवता येतं. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या अंदाजाप्रमाणे बी-वनला पोचायला एकूण ३५० ते ४०० तासांचं शिक्षण लागतं आणि बी-टूला ५०० ते ६००. म्हणजे एक पायरी चढायला दीड-दोनशे तास. चार आठवड्यांच्या कोर्सात आठवड्याला १५ तास शिकवलं तर हाती लागतात ६०. एका उन्हाळ्यात पायरी बदलेल अशी हमी कोणी देत असेल, तर फीची पावती घेण्याआधी हा भागाकार त्याच्यापुढे ठेवावा.

तरीही मी अशा कोर्सांना नावं ठेवणार नाही. त्या ६० तासांत नेमकं काय शिकवतात, यावर सगळं अवलंबून आहे. चांगला शिक्षक व्याकरणाचं पुस्तक मिटून विज्ञानाचं उघडतो. लोखंडाच्या गंजण्याचा प्रयोग घ्या, आपल्या पाठ्यपुस्तकांतही तो आहे. तीन परीक्षानळ्या, प्रत्येकीत एकेक खिळा. पहिलीत साधं पाणी आणि हवा. दुसरीत उकळून घेतलेलं पाणी, वर तेलाचा थर. तिसरीत कोरडी हवा आणि ओल शोषून घेणारं कॅल्शिअम क्लोराइड. काही दिवसांनी फक्त पहिला खिळा गंजतो. पुणे-नाशिककडच्या मुलाला हे ठाऊक असतं, कारणही ठाऊक असतं.

टेबलाभोवती उभं राहून मुलं बोलतात ते असं: ‘धिस वन नो रस्ट. ऑइल ऑन टॉप. नो एअर.’ सगळ्यांना समजतं, कारण बोट नळीकडे असतं. मग शिक्षक नळ्या कपाटात ठेवून देतो आणि म्हणतो, दुसऱ्या गटाने हा प्रयोग पाहिलेला नाही, त्यांना सांगा. आता ‘धिस वन’ चालत नाही. ‘द नेल इन द सेकंड ट्यूब डिडन्ट रस्ट बिकॉज एअर कुडन्ट गेट इन’ असं म्हणावं लागतं. तिसऱ्या टप्प्यात तेच लिहायचं: ‘बॉइलिंग रिमूव्ह्ड द डिझॉल्व्ह्ड ऑक्सिजन, अँड द लेअर ऑफ ऑइल प्रिव्हेंटेड मोअर ऑक्सिजन फ्रॉम एंटरिंग द वॉटर.’ दोन मार्कांचा प्रश्न असेल तर एक मार्क पाणी उकळण्याबद्दल आणि दुसरा तेलाबद्दल. पहिल्या टप्प्यावर थांबलेलं मूल ‘नो एअर’ लिहून मोकळं होतं आणि सगळं येत असूनही अर्धे मार्क गमावतं. करण्याकडून बोलण्याकडे आणि बोलण्याकडून लिहिण्याकडे नेणारी ही चढण ऑस्ट्रेलियातल्या पॉलिन गिबन्स यांनी शाळांच्या वर्गांत बसून तपशीलवार टिपली. ब्रिटनमधले भाषाशिक्षक तिचा सर्रास वापर करतात.

याच्या जोडीला प्रश्नाचं क्रियापद वाचायला शिकवावं लागतं. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आणि ‘फरक स्पष्ट करा’ यांत घोटाळा करणारं मूल आपल्याकडे विरळा, कारण पाचवीपासून त्याच्यावर ते बिंबवलेलं असतं. जीसीएसईच्या प्रश्नपत्रिकेतही अशीच नेमून दिलेली क्रियापदं असतात. ‘डिस्क्राइब’ म्हटलं की आलेखात काय घडतंय तेवढंच सांगायचं, ‘एक्स्प्लेन’ म्हटलं की ते का घडतंय हे सांगायचं. आपली मुलं पहिल्याचं उत्तर देताना दुसऱ्याचंही लिहितात, वर व्याख्या आणि खाली आकृती जोडतात. त्या ज्यादा मजकुराला एकही मार्क नसतो, आणि वेळ मात्र त्यात जातो. सगळ्यांत जड जातं ते ‘इव्हॅल्युएट’. दोन्ही बाजू तोलून शेवटी आपला कौल द्यायचा, आणि तोही पुराव्यानिशी. चौदा वर्षांच्या मुलाने पुस्तकातल्या मजकुराबद्दल स्वतःचं मत द्यावं, ही अपेक्षाच आपल्या बहुतेक वर्गांत कोणी केलेली नसते. त्यामुळे मूल कोरा कागद बघत बसतं. त्याचं व्याकरण बिनचूक असूनही.

इंग्रजी विषयाची तऱ्हा आणखी निराळी. साहित्याच्या पेपरात शेक्सपिअरचं एक नाटक, एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी, १९१४ नंतरचं एखादं ब्रिटिश नाटक वा कादंबरी आणि कविता असा ऐवज असतो. अनेक शाळांत ‘मॅकबेथ’, डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ आणि जे. बी. प्रीस्टली यांचं ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ हे ठरलेलं त्रिकूट दिसतं. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवू देत नाहीत, त्यामुळे अवतरणं पाठ लागतात. इथे आपली बदनाम घोकंपट्टी भलतीच उपयोगी पडते. अडचण येते ती पाठ केलेली ओळ लिहून झाल्यावर. मॅकबेथ महत्त्वाकांक्षी होता, हे सांगून भागत नाही. शेक्सपिअर त्याला तसा का दाखवतो, त्या काळच्या प्रेक्षकाला त्यातून काय वाटलं असेल, हे लिहावं लागतं. मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण अशा साच्यात परिच्छेद बसवायला तिथल्या मुलांनाही वर्षानुवर्षं शिकवतात. परदेशी मुलाला तो साचा पहिल्याच महिन्यात हाती द्यावा.

भाषेच्या पेपरात तर एक चित्र देऊन त्याचं वर्णन करा किंवा गोष्ट लिहा असा प्रश्न येतो. एक्यूए मंडळाच्या पहिल्या पेपरात या एका प्रश्नाला ८० पैकी ४० मार्क आहेत आणि त्यातले १६ निव्वळ शुद्धलेखन, विरामचिन्हं आणि वाक्यरचनेला. व्याकरणाचा तास सत्कारणी लागतो तो इथे. खासगी शाळा परदेशी मुलांना याऐवजी केंब्रिजची ‘दुसरी भाषा म्हणून इंग्रजी’ ही आयजीसीएसई परीक्षा द्यायची मुभा अनेकदा देतात. ती सोपी जाते, पण पुढे काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी चालत नाही. प्रवेश घेतानाच विचारून घेतलेलं बरं.

पुस्तकाबाहेरचंही थोडं शिकावं लागतं. ‘वुड यू लाइक टू सिट डाउन?’ असं शिक्षिका म्हणते तेव्हा ती इच्छा विचारत नसते, मुकाट खाली बस असं सांगत असते. ‘नो, थँक यू’ म्हणणारं मूल उद्धट ठरतं, आणि आपलं काय चुकलं हे त्याला कळतही नाही. वहीवर ‘क्वाइट गुड’ असा शेरा आला म्हणून घरी फोन करून आनंद व्यक्त करू नये, त्याचा अर्थ बहुधा ‘बरं आहे’ इतकाच असतो. परीक्षेसाठी आपण ‘मगिंग अप’ करत होतो असं वर्गात सांगितलं, तर कोणी लुटलं की काय असा चेहरा करून मुलं बघतात. आणि आयईएल्टीएसच्या ध्वनिफितीतला स्वच्छ आवाज न्यूकॅसलच्या किंवा लिव्हरपूलच्या डायनिंग हॉलमध्ये औषधालाही सापडत नाही.

पैसे भरून आलेल्या मुलांना आधी वेगळं बसवून भाषा शिकवणं सगळ्यांना रास्त वाटतं. पण सरकारी शाळांत याच प्रश्नाचा इतिहास कडवट आहे आणि त्यात भारतीय मुलंच अडकली होती. १९६३ साली लंडनच्या साउथॉल भागातल्या गोऱ्या पालकांनी शिक्षणमंत्री एडवर्ड बॉइल यांच्यापुढे तक्रार मांडली, की पंजाबी मुलांमुळे आमच्या मुलांचं शिक्षण मागे पडतंय. १९६५ च्या सरकारी परिपत्रकाने सुचवलं, की एका शाळेत स्थलांतरितांची मुलं एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावीत. मग साउथॉल आणि ब्रॅडफर्डसारख्या ठिकाणी लहान लहान पोरं रोज बसमध्ये घालून लांबच्या शाळांत पोचवली जाऊ लागली. कारण भाषेचं सांगत, पण मुलाला इंग्रजी येतं की नाही हे तपासण्याआधी त्याचा रंग बघितला जाई. दुसरीकडे काही गावांनी वेगळी भाषाकेंद्रं काढली. १९८५ च्या स्वान समितीच्या अहवालाने ही वेगळी बसवणूक नको, मुलं मूळ वर्गातच शिकली पाहिजेत असं म्हटलं. पुढच्याच वर्षी वंशसमानता आयोगाने यॉर्कशरमधल्या कॅल्डरडेलच्या भाषाकेंद्रांची पद्धत अप्रत्यक्ष वंशभेदाची ठरवली. तेव्हापासून सरकारी शाळेतलं मूल पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या वर्गात बसतं आणि भाषेची मदत तिथेच मिळेल असं गृहीत धरलं जातं.

आज इंग्लंडच्या शाळांत पाचांतलं एक मूल घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा ऐकत वाढलेलं असतं. आयटीत किंवा इस्पितळांत कामाला गेलेल्या मराठी आईबापांची मुलं याच गटात मोडतात. ती अवलंबिताच्या व्हिसावर जातात, त्यांना सरकारी शाळा फुकट मिळते. मदत मात्र शाळेगणिक बदलते. मुलाचं इंग्रजी कुठल्या पायरीवर आहे याची ‘ए’ ते ‘ई’ अशी नोंद सरकारने २०१६ मध्ये सुरू केली आणि २०१८ मध्ये शाळांकडून ती मागणं बंदही केलं. काही शाळा ती अजून स्वतःहून ठेवतात. वर्गशिक्षकाच्या पहिल्या भेटीत पालकांनी तेवढं विचारावंच: पायरी कोणती, आणि विषयाच्या तासाला कोण काय करणार? अनेक पालक ‘आमची मुलगी इंग्लिश मीडियमची आहे’ एवढं सांगून उठतात आणि शाळाही मग तिला भाषेची गरज नाही असं धरून चालते.

जायची वेळ निवडता येत असेल, तर शाळेच्या नवव्या वर्षाची सुरुवात सगळ्यांत सोयीची. परीक्षा अजून दूर असते आणि चुका करायला वर्षभर सवड मिळते. ते हुकलं तर काही शाळा जीसीएसईआधीचं एक भाषावर्ष चालवतात. वय वाढण्याची भीती न धरता ते घ्यावं. अकराव्या वर्षाच्या मध्यात मुलाला तिकडे नेऊन टाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे. बदलीचं पत्र हातात पडलेल्या बापाला हे ऐकायला आवडत नाही, हे मान्य करूनही सांगतो.

आणि निघण्याआधीचे सहा महिने? तेवढ्या काळात इंग्रजी मालिका बघण्यापेक्षा जीव, भौतिक, रसायन आणि इतिहासाचे तिकडचे धडे मिळवून वाचावेत, आणि आधी ते मराठीतून समजून घ्यावेत. हेही कमिन्स यांचंच म्हणणं: एका भाषेत पक्की झालेली कल्पना दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावी लागत नाही, तिला फक्त शब्द द्यावे लागतात. ज्याला प्रकाशसंश्लेषण कळलंय त्याला ‘फोटोसिंथेसिस’चं स्पेलिंग तेवढं शिकायचं असतं. घरात आता इंग्रजीच बोलायचं असा फतवा काढणाऱ्या आईबापांना तिथले भाषाशिक्षकच थांबवतात. शंका नीट विचारता येईल आणि वाद घालता येईल, अशी मुलाची एकुलती एक भाषा त्या वर्षी आईबापांनीच बंद केलेली असते.

घरच्या भाषेची तिथे परीक्षाही देता येऊ शकते. बंगाली, पंजाबी, गुजराती आणि उर्दू या भाषांची जीसीएसई आहे आणि त्या भाषा बोलणारी मुलं ती देऊन एक श्रेणी कमावतात. मराठीची नाही. पण केंब्रिजच्या आयजीसीएसईत हिंदी आहे. शाळेत हिंदी शिकलेल्या मराठी मुलाला ती देता येते का, हे परीक्षांची नावनोंदणी होण्याआधी शाळेच्या परीक्षा विभागाला विचारून ठेवावं.